साठ लिटरचा पहिला मुक्काम

मी एक जुनी सॅक आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे आठ वर्षांची. अनुभव किती म्हणाल, तर आत्ताआत्तापर्यंत शून्य. काही माणसं नुसतं वय झालं म्हणून अनुभवी समजली जातात, तशी सोय आम्हा सॅकांना नाही. आमच्या पाठीवर माती लागलेली नसली की आम्ही कोऱ्याच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शिवणयंत्रांचा खडखडाट तेवढा आठवतो, आणि माझ्या कमरेच्या पट्ट्यावर दुहेरी टाके घालणारी एक बाई. ती टाका घालून झाल्यावर पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघायची. तिला बहुतेक वाटत असावं, की ही डोंगरात जाणार. तिचा गैरसमज झाला होता. मी धुळ्याला आले.

आग्रा रोडवरच्या एका दुकानात मी शाळेच्या दप्तरांच्या वर टांगलेली होते. तिथून मला पुनमने आणलं. तिला एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि पहिल्या पगारातून तिने माझ्याखेरीज काहीच घेतलं नाही. हिमालयात जायचं, हे तिच्या डोक्यात कॉलेजपासून होतं. घरी आल्यावर तिच्या आईने, भिकुबाईंनी, मला उलटसुलट करून पाहिलं आणि आतली चिठ्ठी वाचून विचारलं, "साठ लिटर म्हणजे हिनामा पाणी भरतस का?"

"नाही गं आई. सामान मावतं तेवढं."

"मंग किलोमा का नही लिखेल?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला आजही ठाऊक नाही.

मित्रांनो, पुढची सात वर्षं मी काय केलं ते सांगते. मी लग्नात आहेराच्या साड्या नेल्या. पुण्याला उडदाचे पापड आणि ज्वारीच्या बिबड्या पोचवल्या, त्याही एकही न मोडता. उन्हाळ्यात माझ्यात गोधड्या राहिल्या आणि उरलेल्या वेळी कांदे. कांद्यांबद्दल मी बोलू नये, कारण त्यांनी माझ्यात मन लावून मुक्काम केला. मी मात्र कुठेच केला नव्हता. ज्याने त्याने मला उचलून म्हणावं, "काय मजबूत पिशवी शे." पिशवी. अशा कौतुकाने माणूस खचतो, तर मी कापडच.

मागच्या वर्षी गणपतीनंतर पुनमने एक अर्ज आणला. हिमालयातल्या महिनाभराच्या गिर्यारोहण शिबिराचा. वयाची अट तीस, आणि पुनमला एकोणतिसावं सरत आलेलं. म्हणजे हे वर्ष हुकलं की कायमचं हुकलं. अर्जात सगळं सोपं होतं, एक रकाना सोडून: 'स्वतःचं सामान पाठीवर वाहून नेऊन, घराबाहेर, कोणत्याही छपराखाली नव्हे, अशी किमान एक रात्र काढली आहे काय? ठिकाण लिहा. सोबत असलेल्या प्रौढ व्यक्तीची सही घ्या.' मुदत जानेवारीअखेर.

"लिहून टाक ना एखाद्या किल्ल्याचं नाव," मोनाली म्हणाली. मोनाली म्हणजे पुनमची प्रयोगशाळेतली मैत्रीण. "कोण बघायला येतंय? मी करते सही."

"मी दिवसभर लोकांचे रिपोर्ट लिहिते, मोनाली. न तपासता नॉर्मल लिहू का?"

तेव्हा ठरलं, की जायचंच. कांदे टोपलीत गेले. मला उन्हात टाकलं, झटकलं, पुसलं. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या छातीच्या पट्ट्याची कडी कोणीतरी लावून पाहिली.

मुद्दा जागेचा होता. नवख्यांनी पहिला मुक्काम कुठे करावा, हे विचारायला दोघी प्रशीलसरांकडे गेल्या. प्रशीलसर पाटबंधारे खात्यात इंजिनीअर, वीस वर्षं डोंगर फिरलेले. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. दोन तासांपेक्षा जास्त चाल नको. जवळ पाणी हवं. जागा सपाट हवी. आणि काही झालंच तर परत यायला डांबरी रस्ता फार लांब नको.

सल्ला शंभर टक्के बरोबर होता. फक्त सरांची नोकरी बदलीची आणि गाव विदर्भातलं, त्यामुळे एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आमच्या खानदेशात जिथे पाणी, सपाट जमीन आणि डांबरी रस्ता एकत्र सापडतात, तिथे आधीच गाव वसलेलं असतं. आणि असं एकही गाव नाही, जिथे पुनमचं कोणी नात्याचं नाही.

पहिली जागा ठरली गिरणेच्या काठी, भडगावच्या अलीकडे. रेती, पाणी, सपाट, सगळं यादीप्रमाणे. नोव्हेंबरातला शनिवार. मी दारात तयार उभी होते. आत पुनमचे वडील, प्रेमराजनाना, फोनवर हळू आवाजात बोलत होते. नाना बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने इतके गरीब की घरातल्या मांजरालाही अहो म्हणतील.

"हां, अक्का. पोर येई राहिनी तुमनाकडे, नदीवर. नही, नही, काही करू नका. फक्त ध्यान ठेवा."

मी ऐकलं. पण मला सोळा कड्या, नऊ चेनी आणि एक पावसाळी टोपी आहे, तोंड नाही.

दोन तास चाललो. मित्रांनो, ते दोन तास मी विसरणार नाही. पाण्याची बाटली माझ्या बगलेत डुचमळत होती, कमरेच्या पट्ट्यावर ओझं बरोबर बसलं होतं आणि त्या बाईचे दुहेरी टाके पहिल्यांदा कामाला लागले होते. ऊन कलताना दोघींनी रेतीत तंबूची पहिली काठी रोवली. दुसरी रोवायच्या आत मोटारसायकल आली. मागे द्रौपदाबाई, म्हणजे नानांच्या थोरल्या बहीण, पुनमच्या आत्या.

त्यांनी तंबूकडे बघितलं. मग पुनमकडे. मग परत तंबूकडे, जणू दोघांपैकी कोणाला आधी बोलावं ते ठरवत होत्या.

"आम्ही काय मरी गऊत का?"

"आत्या, तसं नाही. मला अर्जासाठी..."

"गावमा आत्यानं घर शे, आनी तू रेतीमा झोपशी? सकायले लोके आम्हले काय म्हणतीन? का भाऊनी पोरले घरमा लिधं नही."

"आत्या, कोणी काही म्हणणार नाही. इथे कोणी नाहीच."

आत्यांनी नदीच्या बांधाकडे बोट केलं. तिथे अकरा माणसं उभी होती. तंबू बघायला आलेली.

त्या रात्री पुनम पलंगावर झोपली, पंख्याखाली. मोनाली वरण-बट्टी खाऊन इतकी जड झाली, की तिला उठून हात धुवायलाही वेळ लागला. मी खुंटीला. घराबाहेर नाही, छपराखाली. अर्जाच्या दृष्टीने निरुपयोगी.

दुसऱ्या वेळी पुनमने आधीच तह केला. धरणगावकडे तिच्या मामेभावाचं, नवलचं, शेत. नवलला तिने फोनवर सगळं समजावून सांगितलं: जेवण नको, घर नको, फक्त बांधाशेजारी मोकळी जागा दे.

"ताई, टेन्शन घेऊ नको," नवल म्हणाला. "मोकळी जागा म्हणजे एकदम मोकळी जागा."

इथे मला नवलची बाजूही मांडली पाहिजे. डिसेंबरात आमच्याकडे कोणी शेतावर मुक्कामाला येतो म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या कानात एकच शब्द शिरतो: भरीत. त्यात त्याला नानांचाही फोन गेलेला. "काही करू नको, भाऊ. फक्त ध्यान ठेव." नवलने ध्यान ठेवायला माणसं बोलावली. त्रेचाळीस.

आम्ही पोचलो तेव्हा तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पुऱ्यांची परात होती आणि बांधाशेजारच्या त्या मोकळ्या जागेत मांडव घातलेला होता.

"नवल, हे काय?"

"मांडव. दव पडस ना, ताई. तुम्हले सर्दी व्हई जाती."

"छप्पर चालत नाही रे मला."

"छप्पर कोठे शे? कापड शे."

पुनमने कपाळाला हात लावला नाही. ती शांतपणे मांडवाबाहेर चाळीस पावलं मोजून गेली आणि तिथे तंबू लावू लागली. तिच्या मागोमाग सहा माणसं मदतीला आली. एकाने तंबू उलटा धरला. दुसऱ्याने हा लग्नात आचाऱ्यांना द्यायला बरा, असं मत दिलं. जेवणं झाली आणि सगळे उठले. पोरींना एकटं सोडून कसं जायचं, म्हणून कोणी जाईना. आणि थंडीत कोणाला थांबायचंही नव्हतं. शेवटी सगळ्यांच्या सोयीसाठी पुनम आणि मोनालीलाच टेम्पोत बसवण्यात आलं.

मी धुळ्याला परत आले ती वांग्यांनी भरून. अकरा किलो, हिरवी, बारीक काट्यांची. नवलने प्रेमाने दिलेली. माझी साठ लिटरची क्षमता त्या दिवशी किलोत लिहिली गेली, आणि भिकुबाईंचं म्हणणं खरं निघालं.

तिसऱ्या वेळी पुनमने नात्यांचा नकाशाच काढला. वहीत गावं लिहिली, एकेक खोडत गेली. इथे मावशी. इथे काकांची सोयरीक. इथे नानांच्या बँकेतले शिपाई. सगळं खोडून झाल्यावर एक टेकडीवजा जुना किल्ला उरला. नाव मी सांगत नाही, उगाच तिथे गर्दी व्हायची. जानेवारीचा तिसरा शनिवार होता.

पायथ्याशी वनरक्षकांची चौकी होती. चौकीतले वनरक्षक कुंदनभाऊ बाहेर आले. चेहऱ्यावर असं हसू, की माझी कमरेची कडी तिथेच ढिली पडली.

"पुनमताई ना? नानांचा फोन आला होता. माझ्या मेव्हण्याचं कर्ज त्यांच्याच सहीने झालं होतं हो." मग ते अदबीने म्हणाले, "सूर्यास्तानंतर वर थांबायला परवानगी नाही, ते तर नियमानेच. पण तुम्ही काळजी करू नका. क्वार्टरवर घरच्यांनी शेवभाजी टाकलीय."

पुनमने मला खाली ठेवलं आणि ती माझ्यावरच बसली. सॅकवर बसू नये, मित्रांनो, आतली चौकट वाकते. पण त्या दिवशी मी वाकले आणि तक्रार केली नाही.

"नानांनी फोन केला होता," ती म्हणाली. "तिन्ही वेळा."

मोनाली तिच्या शेजारी बसली. "पुनम, राग मानू नको. पुढच्या वेळी मी येणार नाही. तीन ट्रेकमध्ये माझं वजन चार किलो वाढलंय. आईने विचारलं, डोंगर चढते की डोंगर खाते?"

रविवारी घरी नानांसमोर पुनम उभी राहिली. मला वाटलं, आता भांडण होणार. झालं नाही. ह्या घरात भांडणंसुद्धा अदबीने होतात.

"नाना, तुम्ही का सांगत होता सगळ्यांना?"

"मी फक्त ध्यान ठेवा म्हटलं, बेटा. झोपू देऊ नका, असं कुठे म्हटलं?"

"ध्यान ठेवलं की ते घरी घेऊन जातात."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग ध्यान न ठेवता कसं राहावं, ते मला सांग. मला ते येत नाही."

पुनमने माझ्या नऊच्या नऊ चेनी उघडल्या, सगळं बाहेर काढलं, अर्ज माझ्या आतल्या खिशात घडी करून ठेवला आणि मला माळ्यावर टाकलं. मुदतीला नऊ दिवस होते. बुधवारी माझ्यात कांदे आले.

खरं सांगते, मित्रांनो, मी त्या दिवशी हार मानली. कांद्याच्या वासात एक समजूतदारपणा असतो. तो म्हणतो, कशाला उगाच.

शुक्रवारी भिकुबाई कांदे काढायला माळ्यावर चढल्या आणि त्यांच्या हाताला तो अर्ज लागला. त्यांनी तो उजेडात धरून अक्षर अक्षर लावत वाचला. मग खाली उतरून पुनमला विचारलं, "ही सही मन्ही चाली का?"

"कोणती?"

"सोबतना मानूसनी."

"आई, तू कुठे येणार?"

"का बरं? तुन्हापेक्षा धाकली व्हतू तवय मी सहा हिवाळा वावरमा झोपेल शे. बाबासंगे, हरभरानी राखणले. तवय कोनी इचारं नही, का पोर बाहेर का झोपस." त्या कांदे निवडत बोलत होत्या, जणू भाव सांगताहेत. "तू लोकेसले सांगस, हौसनी जाई राहिनू. हौसले लोके घर दाखाडतस. कामले कोनी आडावत नही."

पुनमने आईकडे असं पाहिलं, जसं कोणी आपल्याच घराच्या भिंतीत नवं दार पाहावं. वीस वर्षं डोंगर फिरलेल्या माणसाला विचारायला ती शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. सहा हिवाळे उघड्यावर काढलेली बाई तिला रोज डबा भरून देत होती.

शनिवारी दुपारी नाना जेवून आडवे झाले. भिकुबाईंनी त्यांच्या उशाचा फोन उचलला, आवाज बंद केला आणि माझ्या वरच्या कप्प्यात टाकून चेन ओढली. ताटाखाली चिठ्ठी ठेवली. पुनमच्या अक्षरात, मजकूर आईचा: भाकरी डब्यात आहेत, उद्या येतो, शोधू नका.

साक्री रस्त्याने एका फाट्यावर उतरलो आणि माळाने चालू लागलो. मी पुनमच्या पाठीवर. भिकुबाईंनी स्वतःचं सामान गोधडीत बांधून डोक्यावर घेतलं होतं. त्या माझ्यापुढे निम्म्या वेळात गेल्या, तेही चपला हातात धरून. ह्या विषयावर मी अधिक काही बोलणार नाही.

एका शेततळ्याकाठी हरभऱ्याचं वावर होतं. पाणी होतं. सपाट होतं. रस्ता खाली दिसत होता. बांधावर एक म्हातारबा बसले होते, डोक्याला मफलर, शेजारी पत्र्याचा डबा. आधारआबा.

"कोन गावना तुम्ही?" आबांनी विचारलं. "कोनाकडे उनात?"

पुनमचे खांदे आवळले. पट्ट्यांतून मला ते कळलं. हाच तो प्रश्न. ह्याच्यानंतर नेहमी जेवण येतं.

"कोनाकडेच नही, आबा," भिकुबाई म्हणाल्या. "राखणले उनूत."

"कसानी राखण?"

"तुमनाच हरभरानी. डुकरे येतस ना? किती दिन व्हयनात घर झोपाले जाईसनी?"

आबांनी हिशेब केला. "पंधरा."

"मंग आज जा. आम्ही शेतस."

आबा उठले. त्यांनी डुकरं हाकायला वाजवायचा तो डबा भिकुबाईंच्या हातात दिला, डुकरं कोणत्या कोपऱ्यातून येतात ते सांगितलं, आणि कोणाच्या कोण हे न विचारता, एकदाही मागे न बघता ते वस्तीकडे निघाले. जेवायचा आग्रह नाही, घरी चला नाही. पंधरा रात्रींचं जागरण पाठीवर असलं की माणसाला पाहुणचार सुचत नाही.

तंबू मात्र लागला नाही. "आत बशीसनी डुकरे कसा दिसतीन?" हा भिकुबाईंचा सवाल बिनतोड होता. दोनदा अर्धवट लागलेला तंबू माझ्या पोटातच राहिला. मायलेकी आळीपाळीने जागल्या. माझ्यावर डोकं ठेवून आधी पुनम पडली, मग तिची आई. डुकरं दोनदा आली आणि डबा दोनदा वाजला. दव माझ्या टोपीवर उतरलं आणि मी पहिल्यांदा ओली झाले. मला खाज सुटली. हे सगळं मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आणि वरच्या कप्प्यात नानांचा फोन थरथरत होता. भडगावची अक्का. नवल. कुंदनभाऊ. त्याशिवाय एक अनोळखी नंबर सात वेळा. पुनमचा फोन बंद होता, म्हणून नाना शेजाऱ्यांच्या फोनवरून स्वतःच्याच फोनला फोन करत होते. पुनमला तो उजेड दिसला.

"आई, घेऊ का? नाना झोपले नसतील."

"आपुन कोठे झोपनूत?" भिकुबाई म्हणाल्या. तरी तांबडं फुटल्यावर त्यांनीच चेन उघडली आणि आठव्यांदा आलेला फोन उचलला. पलीकडे नाना होते.

"हां," भिकुबाई म्हणाल्या. "ध्यान ठेयेल शे."

अर्ज सोमवारी गेला. रकान्यात पुनमने लिहिलं: 'आधारआबांचा हरभरा.' सोबतच्या व्यक्तीच्या जागी भिकुबाईंनी वळणदार, सावकाश सही केली आणि तिथल्याच 'अनुभव' ह्या शब्दापुढे स्वतःच्या हाताने आकडा घातला, सहा हिवाळे. शेवटी 'झोप कशी लागली' असाही प्रश्न होता, त्यापुढे पुनमने खरं तेच लिहिलं, की लागली नाही, राखणीची पाळी होती. निवड होईल की नाही, मला ठाऊक नाही. पत्र यायचंय. नाना रोज पोस्टमनवर ध्यान ठेवून आहेत.

मी दाराजवळच्या खुंटीला आहे. तळाशी माती लागली आहे. ती पुसू नका, असं पुनमने घरात बजावलं आहे. कांद्यांना नवी टोपली आली.

तर मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर माझी एखादी बहीण असेल. तिला खाली उतरवा, उन्हात ठेवा, तिच्या कड्या लावून बघा. तिच्यात कांदे भरू नका. भरलेच तर तिच्यादेखत तिला पिशवी म्हणू नका. आणि कधी माळावर पाठीवर सॅक घेतलेली एखादी पोरगी दिसली, तर तिला पाणी दाखवा, वाट दाखवा, डुकरं कुठून येतात तेही सांगा. कोणाची कोण, ते मात्र विचारू नका. निदान सकाळ होईपर्यंत तरी.